माशांची काचपेटी आणि घराची भिंत

जळगाव-धुळ्याकडच्या आपल्या वस्त्यांतून अलीकडे एक नवी हौस दिसू लागली आहे. पूर्वी घराच्या पुढच्या खोलीत एक फोटो, एक घड्याळ व एक रेडिओ असला की खोली सजली असे मानत. आता कोणाचा मुलगा नोकरीला लागतो, कोणाची मुलगी पदवीधर होते, दोन खोल्यांवर तिसरी चढते आणि मग पोरे हट्ट धरतात, 'आपल्याकडेही फिश टँक पाहिजे.' दवाखान्यात, पतसंस्थेच्या कचेरीत, वकिलाच्या बैठकीत मुलांनी ती पाहिलेली असते. सहा डिसेंबरला मुंबईस गेलेल्या अनेक कुटुंबांनी मरीन ड्राइव्हवरचे, १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय पाहिले असेल. ती रंगीत हालचाल मनात राहते. हौस करू नये असे आम्ही म्हणणार नाही. कष्टकरी माणसाच्या घरातही शोभा असावी, तो काही कोणा एकाचा मक्ता नाही.

परंतु वाचक बंधू-भगिनींनो, काचपेटी म्हणजे भिंतीवरचे कॅलेंडर नव्हे. ती पाण्याची टाकी आहे आणि पाण्याला वजन असते. आमच्या बघण्यात आले आहे की पेटी कोणती घ्यावी, मासे कोणते घ्यावेत याची चर्चा आठ दिवस चालते, पण ती ठेवावी कोठे हा प्रश्न हातगाडी दाराशी आल्यावर निघतो. मग घरातले कोणीतरी म्हणते, "भाऊ, भीतले लाई दे!" आणि पेटी भिंतीला चिकटते. पुढे ज्या कटकटी होतात, त्यांतल्या बऱ्याचशा येथूनच सुरू होतात. म्हणून या अंकात आम्ही एवढाच विषय घेतला आहे.

आधी वजनाचा हिशेब

आम्ही पेशाने कारकून. त्यामुळे कोणतीही गोष्ट आकड्यात मांडल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. बाजारात सर्रास मिळणारी मोठी पेटी चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच असते. तिघांचा गुणाकार केला की नऊ घनफूट होतात. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते, म्हणजे काठोकाठ भरल्यास २५५ लिटर. वरून दोन इंच मोकळे सोडले तरी साधारण २२५ लिटर पाणी होते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. त्यात काचेचे ४० ते ५० किलो, तळाच्या वाळू-खड्यांचे २५ किलो व लोखंडी स्टँडचे ३० किलो धरा. बेरीज सव्वातीनशेच्या वर जाते.

आपल्यापैकी अनेकजण बांधकामावर राबतात, त्यांना हे चटकन कळेल. सिमेंटचे एक पोते ५० किलोचे. म्हणजे दीड फूट रुंद जागेत साडेसहा पोती रचून ठेवल्यासारखे झाले, आणि तीही चार बारीक पायांवर. हीच पेटी सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच घेतली तर पाणीच ६८० लिटर होते, आणि सगळे मिळून वजन आठशे किलोंच्या पुढे जाते. ही सोळा पोती झाली.

आता जमिनीचा हिशेब पाहू. राहत्या घराचा स्लॅब बांधताना त्यावर माणसे व सामान यांचे वजन चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरावे, असे भारतीय मानक सांगते. चौरस फुटाला ते साडेअठरा किलो पडते. आपली चार फुटी पेटी सहा चौरस फूट जागा अडवते, म्हणजे चौरस फुटाला पंचावन्न-साठ किलो भार देते. तिप्पट झाला! याचा अर्थ स्लॅब लगेच कोसळेल असा नाही, कारण भार आजूबाजूला पसरतो आणि खोलीत सगळीकडेच वजन नसते. पण ती कोठे ठेवली यावर बरेच अवलंबून आहे, हे मात्र यातून स्पष्ट होते.

कोणत्या भिंतीजवळ?

स्लॅब सर्वात अशक्त असतो तो खोलीच्या मध्यभागी आणि सर्वात बळकट असतो तो टेकूच्या भिंतीजवळ किंवा बीमवर. म्हणून वरच्या मजल्यावर मोठी पेटी ठेवायचीच असेल तर ती भिंतीजवळ आणि लांबीची बाजू भिंतीला समांतर अशीच ठेवावी. पण भिंत भिंतीत फरक आहे. नऊ इंची भिंत स्लॅबचे ओझे वाहते. खोलीचे दोन भाग करण्यासाठी मागाहून घातलेली चार इंची भिंत काहीच वाहत नाही, उलट ती स्वतःच स्लॅबवर बसलेली असते. तिच्याजवळ पेटी ठेवणे म्हणजे ओझ्यावर ओझे. खालच्या मजल्यावर बरोबर त्याच जागी भिंत किंवा बीम आहे का, हे शेजाऱ्याकडे जाऊन पाहून यावे. कळत नसेल तर ज्या गवंड्याने घर बांधले त्याला विचारावे. आठशे किलोच्या पेटीसाठी मात्र गवंड्यावर न थांबता इंजिनिअरला दाखवावे.

जुन्या धाब्याच्या घरात लाकडी खांब, लाकडी सरे आणि मातीची किंवा कच्च्या विटांची भिंत असते. अशा घराच्या माडीवर मोठी पेटी मुळीच नेऊ नये. खालच्या खोलीतही मातीच्या भिंतीच्या पायथ्याशी रोज पाणी सांडले तर ती भिंत आतून मऊ होते, आणि ते बाहेरून दिसत नाही. अशा घरी दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी पेटी पुरे. तिच्यात ५७ लिटर पाणी मावते व सगळे मिळून तिचे वजन एका माणसाएवढे होते.

आपल्या खान्देशात आणखी एक अडचण आहे, ती काळ्या मातीची. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावर उथळ पायाचे घर असले की भिंतीला तिरप्या भेगा जातात, फरशी एका कोपऱ्यात बसते. ज्या भिंतीला अशी तिरपी भेग आहे तिच्याजवळ पेटी ठेवू नये. खाली मुरूम नीट न ठोकता फरशी बसवली असेल तर स्टँडचा पाय फरशी फोडून खाली जातो. म्हणून चारही पायांखाली दोन लांब फळ्या किंवा लोखंडी पट्ट्या टाकाव्यात, म्हणजे भार पसरतो. आणि पहिला मोठा पाऊस झाला की पेटीची पातळी पुन्हा तपासावी.

वीतभर अंतर

आता मुख्य मुद्दा. पेटी भिंतीजवळ असावी, पण भिंतीला टेकलेली नसावी. मध्ये चार ते सहा इंच, म्हणजे साधारण एक हात आत जाईल एवढी फट हवी. याची कारणे अशी आहेत.

मागे वायरी, नळ्या व फिल्टर यांना जागा लागते. पेटीची काच उंचसखल गिलाव्याला टेकली तर एकाच ठिकाणी दाब येऊन तिला तडा जाऊ शकतो. पाण्याची बारीक वाफ व शिंतोडे मागच्या भिंतीवर बसतात. तेथे वारा खेळला नाही तर ओल धरते, रंगाचे पोपडे सुटतात व भिंतीला लोणा लागतो. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे पेटी मागून झिरपू लागली तर ते दिसले पाहिजे. चिकटलेल्या पेटीचे झिरपणे कळते तेव्हा भिंत निम्मी भिजलेली असते.

धुळ्याच्या एका वस्तीत दोन घरांची भिंत सामाईक होती. एका घरी पेटी आली व ती त्या भिंतीला लावली गेली. आठ-दहा महिन्यांनी पलीकडच्या घरात ओल दिसू लागली. ज्या जागी मुलीची अभ्यासाची वह्या-पुस्तके ठेवलेली होती, नेमकी तेथेच. पलीकडच्यांना वाटले, मोरीचे पाणी मुद्दाम सोडतात. बोलणे बंद झाले. लग्नकार्यात एकमेकांकडे जाणे थांबले. कार्यकर्ते म्हणून आम्हाला बोलावणे आले, तेव्हा दोन्हीकडचे लोक ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. पेटी रिकामी करून ओढली तर मागे तळाच्या सांध्यातून थेंब थेंब गळत होते. सांधा पुन्हा सिलिकॉनने भरला, स्टँड वीतभर पुढे घेतला, गिलावा खरवडून वाळू दिला. भिंत वाळायला उन्हाळा लागला. मने वाळायला त्याहून अधिक वेळ लागला. सहा इंच जागा वाचवण्यासाठी शेजार गमावणे परवडत नाही, विशेषतः आपल्यासारख्यांना, ज्यांना रात्री-अपरात्री शेजारीच कामी येतात.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी मोठी पेटी आणण्यापूर्वी घरमालकास सांगावे व त्याची संमती शक्यतो लेखी घ्यावी. भिंत व फरशी त्याची आहे, उद्या वाद झाला तर कागदच बोलतो.

पातळी आणि दाब

स्टँड समपातळीत नसेल तर पाणी एका बाजूस जास्त चढते व काचेवर विषम ताण येतो. गवंड्याकडची पाणसळ मागून आणावी. ती नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी मिळवावी. पाचर लावायची ती स्टँडच्या पायाखाली. काचपेटीच्या कोपऱ्याखाली पुठ्ठा किंवा चिपा कधीही कोंबू नयेत. नुसत्या काचेच्या पेटीखाली सबंध थर्माकोलचा पत्रा घालावा, म्हणजे बारीक खडा असला तरी काच तडकत नाही.

पाण्याचा दाब हा पाणी किती आहे यापेक्षा किती खोल आहे यावर ठरतो. चार फूट लांब पेटी दीड फूट खोल भरली तर समोरच्या काचेवर सुमारे १२५ किलोचा रेटा असतो. तीच दोन फूट खोल केली तर रेटा २२५ किलोंवर जातो. उंची एक तृतीयांशाने वाढली, पण रेटा पावणेदोन पटींहून अधिक झाला. म्हणून घरासाठी उंच पेटीपेक्षा लांब व बुटकी पेटी बरी. तिच्यात पाण्याचा पृष्ठभागही जास्त मिळतो व माशांना हवा भरपूर मिळते.

मोठ्यांचीही यात फसगत होते. जर्मनीत बर्लिन शहरातील एका हॉटेलच्या दालनात दहा लाख लिटरचे दंडगोल मत्स्यालय होते. १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे ते फुटले. सुमारे दीड हजार मासे त्यात होते, त्यांतले बहुतेक गेले व दोन माणसे जखमी झाली. ती वेळ पहाटेची नसती तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

पाण्याला योग्य वाट द्यावी लागते, हे आपल्या भागाला नवे नाही. पांझरेच्या काठी फड पद्धतीने पाणी वाटून घेणारे आपलेच शेतकरी. थोर अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागले, तेव्हा त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांत धुळ्याच्या पश्चिमेस दातर्ती येथे पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळाने पाणी पलीकडे नेण्याचे काम होते. भर पावसात पूर येत असताना त्यांनी ते तडीस नेले. नळीत भरलेले पाणी आपल्या पातळीच्या शोधात जाते, हाच नियम घरच्या पेटीलाही लागू आहे. हवेचा पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला आणि वीज गेली, तर त्याच नळीतून पाणी उलटे येऊन पंपात व तेथून बोर्डावर उतरू शकते. वीज जाणे आपल्याकडे नवलाचे नाही. म्हणून पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगावा किंवा नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह बसवावा. तो थोड्या पैशांत मिळतो.

विजेची दक्षता

विजेचा बोर्ड पेटीच्या बरोबर मागे किंवा खाली नसावा, बाजूला व उंचावर असावा. वायर बोर्डात जाण्यापूर्वी खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी झोळातून खाली गळते, बोर्डात शिरत नाही. घराला अर्थिंग पक्के असावे. ३० मिलिअँपिअरला तुटणारा सुरक्षा स्विच बसवून घ्यावा. पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व बटणे बंद करून पिना काढाव्यात, हा नियम लहानथोर सगळ्यांनी पाळावा. पेटीच्या पायथ्याशी बाळाचा पाळणा किंवा झोपण्याची जागा असू नये. रांगते मूल स्टँड धरून उभे राहते. म्हणून स्टँड भिंतीला एका क्लिपने अडकवावा. पण वजन मात्र जमिनीवरच राहील, भिंतीतल्या खुंट्यांवर नाही, हे पाहावे.

ऊन, धूर आणि पाणी

जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत व कधी त्याच्या पुढेही जातो. पश्चिमेची भिंत दिवसभर तापते आणि संध्याकाळी घरात उष्णता सोडत राहते. तिच्याजवळची पेटी रात्रीही निवत नाही. पाणी २५ अंशांचे असेल तर लिटरमागे सुमारे आठ मिलिग्रॅम प्राणवायू त्यात मावतो, ३५ अंशांना तो सातवर येतो. नेमक्या त्याच वेळी माशांना जास्त प्राणवायू लागतो. सकाळी मासे वर येऊन तोंड उघडू लागले की समजावे, गुदमरत आहेत. म्हणून आतली, सावलीतली भिंत निवडावी. खिडकीसमोर थेट ऊन पडेल अशी जागा नको, तेथे पाणी हिरवे होते. उन्हाळ्यात झाकण उघडे करून त्यावर जाळी टाकावी, हवेचा पंप चालू ठेवावा, खाद्य कमी करावे.

पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो, हे लक्षात ठेवावे. चुलीचा धूर, डासांची कॉइल, ढेकणाचे औषध, कपाशीवर फवारणी करून आलेल्याचे कपडे, यांचा वास पाण्यातही जातो. भिंतीला रंग द्यायचा असेल तर पेटी आणण्याच्या बरेच दिवस आधी द्यावा.

आणि पाणी! दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलावे लागते. चार फुटी पेटीस ते ४५ ते ५० लिटर, म्हणजे तीन हंडे. शिवाय एक सेंटिमीटर पाणी उडाले की साडेपाच लिटरांची भर घालावी लागते. ज्या घरी माउली पहाटे उठून नळाची वाट पाहते, तेथे हे तीन हंडे कोण भरणार, हे हौस करणाऱ्याने आधी ठरवावे. नळाचे पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मग घालावे. काढलेले पाणी फेकू नये, ते झाडांना उत्तम खत आहे.

दिशेचा बाजार

अलीकडे काही दुकानदार पेटीबरोबर सल्लाही विकतात. पेटी अमुकच दिशेला ठेवा, आठ सोनेरी व एक काळा मासा ठेवा, धन येईल. मासा मेला तर म्हणतात, घरावरचे संकट त्याने अंगावर घेतले, दुसरा घ्या! हिशेब करून पाहा. गोल्डफिश हा थंड पाण्यात रमणारा, बराच वाढणारा व पाणी लवकर घाण करणारा मासा आहे. नऊ गोल्डफिश लहान पेटीत कोंबले तर त्यांच्याच विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाने ते मरणार. संकट त्यांनी घेतले नाही, संकट त्यांच्यावर आणले गेले. धन आले ते दुकानदाराच्या गल्ल्यात. दिशेला अर्थ आहे तो उन्हाचा, भिंतीला अर्थ आहे तो भाराचा व ओलीचा. विचारून, तपासून, पटले तरच मानावे, ही शिकवण आपल्याला मिळालेली आहे. ती फिश टँकच्या दुकानातही विसरू नये.

कचेरीसाठी दोन शब्द

पतसंस्थेत किंवा कार्यालयात पेटी ठेवताना प्लायवूडच्या पार्टिशनचा आधार धरू नये. ते पार्टिशन ओलीने फुगते. पेटीच्या खाली किंवा शेजारी दप्तराचे कपाट व संगणक ठेवू नयेत. खातेवही एकदा भिजली की सभासदांच्या ठेवीचा पुरावा भिजतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट, दार आपटण्याची जागा टाळावी. दिवाळीच्या सुट्टीत पेटीवर कोण नजर ठेवणार, त्याचे नाव आधीच ठरवून ठेवावे. नाहीतर ते काम न सांगता शिपायाच्या गळ्यात पडते.

आणताना

नवी पेटी आधी ओट्यावर सपाट जागी थर्माकोलवर ठेवून, पूर्ण भरून, दोन दिवस पाहावी. गळत नसेल तर रिकामी करून आत न्यावी. पाण्यासकट पेटी एक इंचही सरकवू नये. जागेवर बसल्यावर एक तृतीयांश भरून पातळी तपासावी, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण. एक जुना टॉवेल व एक नळी पेटीजवळ कायम असावी, म्हणजे गळती दिसताच पाणी काढता येते. मासे आठवडाभराने, तेही दोन-चारच आणावेत. पाणी जड असेल तर गप्पी व मोली हे मासे चांगले टिकतात.

एवढी काळजी घेतली तर संध्याकाळी कामावरून थकून आलेल्या माणसाला त्या पेटीपुढे दहा मिनिटे बसून बरे वाटेल. मुले मासे मोजतील, त्यांची नावे शिकतील, सजीवाला वेळेवर खाणे व स्वच्छ पाणी लागते हे जाणतील. आणि मागच्या भिंतीला हात लावला तर ती कोरडी लागेल. महिन्यातून एकदा तो हात लावून पाहायला मात्र विसरू नका.